नव्या संगणकातील सदोष रॅम आणि सर्व्हिस सेंटर : माझा अनुभव

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून मी माझा पहिला संगणक पुण्यात घरी जोडला. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि १६ जीबीच्या दोन स्टिकचा (पट्ट्यांचा) डीडीआर५ पिढीच्या रॅमचा, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीचा, संच घेतला होता. प्रत्यक्ष जोडणीत अडण्यासारखे काही आले नाही. पुढचा सगळा मनस्ताप रॅमच्या एका सदोष स्टिकमुळे झाला, आणि त्याहून अधिक, ती सदोष आहे हे सर्व्हिस सेंटरच्या गळी उतरवताना झाला.

विंडोज व्यवस्थित बसली होती. मात्र मोठी झिप फाइल उघडताना मधूनच सीआरसी एरर (फाइलमधली माहिती बिघडल्याची सूचना) येई आणि तीच फाइल थोड्या वेळाने बिनतक्रार उघडे. ब्राउझरचे टॅब आपोआप बंद पडत. विंडोज कोसळून निळा पडदा येई तेव्हा त्यावरचा संदेश बदललेला असे. कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल’. एकच संदेश वारंवार येत असेल तर आधी एखाद्या ड्रायव्हरवर (सुटा भाग चालवणाऱ्या प्रोग्रामवर) संशय घ्यावा, पण संदेश असे बदलत राहिले तर रॅम तपासावी. अनेकजण येथे विंडोज पुन्हा टाकण्यात वेळ घालवतात. रॅम खराब असताना टाकलेली विंडोजही खराब उतरू शकते, म्हणून ते काम सर्वांत शेवटी करावे.

मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा मोफत प्रोग्राम पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरूनच संगणक सुरू करता येतो. सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रामवरून संगणक सुरू होऊ न देणारी सोय) आडवे आले तर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, ते तात्पुरते बंद करावे. चाचणीपूर्वी मी बायोसची सर्व सेटिंग मूळ स्थितीत आणली, जेणेकरून एक्स्पो प्रोफाइलच्या (रॅमचा वेग वाढवणाऱ्या तयार सेटिंगच्या) ६००० ऐवजी रॅम ४८०० या मूळ वेगावर चालेल आणि ‘तुम्ही वेग वाढवला म्हणून एरर आले’ असे म्हणायला कोणाला जागा राहणार नाही. या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स अंगभूत असल्यामुळे ग्राफिक्स कार्डही काढून ठेवले. मग एका वेळी एकच स्टिक लावून तपासले. पहिली स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये निर्दोष ठरली, तर दुसरीने दोन्हीकडे एरर दिले. स्लॉट, मदरबोर्ड आणि प्रोसेसर यांच्यावरचा संशय त्यामुळे फिटला. पडद्यावर अपेक्षित आकडा आणि सापडलेला आकडा शेजारी शेजारी येतात. ओळीमागून ओळ त्या दोन आकड्यांत एकाच जागचे एकच अक्षर वेगळे दिसत होते. खूण इतकी स्पष्ट होती की मी त्या पडद्याचा फोटो काढून ठेवला. चाचणी सुरू होताच मात्र हे एरर येत नव्हते. बराच वेळ गेल्यावर आणि स्टिक तापल्यावरच येत होते. घोडे अडले ते नेमके याच ठिकाणी.

सर्व्हिस सेंटरमध्ये पहिली अडचण अशी निघाली की रॅम संच म्हणून विकली असल्यामुळे चांगली स्टिकही जमा करावी लागते. म्हणजे संगणक तोवर बंद. घरात जुनी डीडीआर४ रॅम पडलेली होती, पण तिची खाच वेगळ्या जागी असते आणि ती डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये बसतच नाही. मी सगळा प्रकार सविस्तर सांगितला, फोटो दाखवला, आणि काउंटरवरील गृहस्थांनी जॉबशीटवर दोनच शब्द लिहिले : ‘नॉट वर्किंग’. आतल्या तंत्रज्ञापर्यंत पोहोचतात ते तेवढे दोन शब्द. त्याने स्टिक लावल्या, विंडोज सुरू झाली, आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून संच परत आला.

मी जाब विचारला तेव्हा मिळालेले उत्तर मला अजूनही खटकते. ‘डीडीआर५ मध्ये ईसीसी असते, त्यामुळे एरर येऊच शकत नाहीत,’ असे मला सांगण्यात आले. ईसीसी म्हणजे रॅममधल्या चुका आपोआप सुधारण्याची सोय. डीडीआर५ च्या चिपमध्ये अशी सोय असते हे खरे आहे, परंतु ती त्या चिपच्या आतल्या किरकोळ चुकांपुरती मर्यादित असते. चिपमधून प्रोसेसरपर्यंत जाताना माहिती बिघडली तर ती पकडण्याचे काम ती सोय करत नाही. सर्व्हरमध्ये वापरतात ती पूर्ण ईसीसी रॅम निराळी असते. ज्यांच्याकडे दिवसभर रॅमच येते, त्यांनी तरी ही गल्लत करू नये.

दुसऱ्यांदा संच देताना मी घरूनच मजकूर छापून नेला होता : ‘एक स्टिक सदोष, मूळ वेगावर, दोन्ही स्लॉटमध्ये मेमटेस्टमध्ये एरर, एरर दिसण्यास वेळ लागतो, किमान एक संपूर्ण फेरी चालवावी, दुसरी स्टिक त्याच मदरबोर्डवर निर्दोष.’ सदोष स्टिकचा सीरियल क्रमांकही त्यात होता. हा मजकूर जॉबशीटवर उतरवून घेतल्याशिवाय मी तिथून हललो नाही. मागे रांगेतले लोक खोळंबले होते आणि त्यांची नाराजी दिसत होती, पण आपण तिथे आग्रह धरलाच पाहिजे. या वेळी चाचणी खरोखर चालवली गेली, आणि काही आठवड्यांनी नवा संच मिळाला. माझे निदान अचूक ठरले याचे समाधान मोठे होते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. डीडीआर५ चा नवा संगणक पहिल्यांदा सुरू केला की रॅमची जुळवणी होईपर्यंत पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो आणि मदरबोर्डवरचा ‘डीरॅम’ दिवा पेटलेला दिसतो. या वेळात घाबरून वीज बंद करू नये. स्टिक बदलल्यावरही हेच घडते, म्हणून चाचण्या करताना धीर धरावा. दोन स्टिक असतील तर चार स्लॉटच्या बहुतेक मदरबोर्डवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात. स्टिकवरचे लेबल किंवा धातूचे आवरण काढू नये, कारण वॉरंटी तिथेच संपू शकते.

नवा संच लावल्यावर प्रथम मूळ वेगावर आणि मग एक्स्पो चालू करून रात्रभर मेमटेस्ट चालवावी. विंडोज त्यानंतरच पुन्हा टाकावी. बदलून मिळालेल्या स्टिकचे सीरियल क्रमांक जुन्या बिलावर नसतात, त्यामुळे बदली नोंदवलेली पावती सही-शिक्क्यासह मागून घ्यावी आणि बिलालाच जोडून ठेवावी. माझ्या बाबतीत ती कोणी आपणहून दिली नाही.