तुम्ही विचारलंत म्हणून : रविवारी आमचा तवा पालथा का असतो

रविवारची चर्चमधली (आम्ही त्याला देऊळच म्हणतो) उपासना सुटल्यावर दारात कुणी ना कुणी गाठतंच. "ताई, तुमच्याकडं रविवारी स्वयंपाक करत नाहीत म्हणे, खरं का?" आणि लगेच, जरा खालच्या आवाजात, "मग घरचे काही म्हणत नाहीत?" विचारणारी बहुतेक वेळा तिशीतली असते. एक लेकरू कडेवर, एक हाताला, आणि डोळे घड्याळाकडं, कारण घरी जाऊन कुकर लावायचा असतो. मी घाईघाईत सांगते, "शनिवारीच करून ठेवते गं." ती "बरंय तुमचं" म्हणते आणि रिक्षाकडं पळते. ते "बरंय तुमचं" माझ्या मनातून दिवसभर जात नाही. आमच्याकडं वेगळं काही बरं नव्हतं. म्हणून आज बसून नीट सांगते.

तेरा वर्षांपूर्वीचा मे महिना. मी तेव्हाही घरी शाळेचे युनिफॉर्म शिवायची, आजही शिवते. सोलापुरात ज्या घरात शिलाईचं काम आहे त्या घराला मे म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत माल गेला पाहिजे. बाहेर पारा त्रेचाळीसवर, वर पत्रा, खाली मशीन, आणि पायापाशी बाह्या न लावलेल्या शर्टांचा ढीग. नळाला पाणी चार दिवसांनी, तेही रात्री दीडला नाहीतर पहाटे तीनला. त्या शनिवारी रात्री पाणी आलं. धाकट्याच्या अंगात ताप होता. एका खांद्यावर त्याला घेऊन मी पिंप, घागरी, कळशा, शेवटी पातेलीसुद्धा भरून घेतली, तोवर चार वाजले. सकाळी सगळ्यांचं आवरून साडेआठची उपासना गाठली. उभं राहून गायचं होतं तेव्हा जागी होते, उपदेशाला बसले आणि डोळे मिटले.

घरी आले, पदर खोचला, तवा टाकला. माझी थोरली तेव्हा नऊ वर्षांची. तिच्या हातून दह्याचं भांडं निसटलं आणि दही कापून ठेवलेल्या कपड्यांवर उडालं. मी उठून तिच्या पाठीत एक जोरात रट्टा दिला, आणि तोंडाला येईल ते बोलले. ती रडली नाही. फरशीवरचं दही पुसत पुसत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "आई, तू देवळातनं आलीस की जास्तच ओरडतीस."

सासूबाई उंबऱ्याजवळ मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसल्या होत्या. रविवारीसुद्धा. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, आत आल्या, गॅस बंद केला आणि गरम तवा फडक्यानं धरून ओट्यावर पालथा घातला. वरच्या फळीवरनं कडक भाकरीचा डबा काढला. म्हणाल्या, "आज हेच. जा, पड जा."

"अहो आत्या, पण हे येतील जेवायला…"

"येऊ दे की."

मी चार वाजेपर्यंत झोपले. उठले तेव्हा कुणी उपाशी नव्हतं. थोरली माझ्या पायाशी झोपली होती, आणि धाकट्याचा ताप उतरला होता.

संध्याकाळी सासूबाई जे बोलल्या ते आधी कधी बोलल्या नव्हत्या. सासरे गिरणीत होते. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली निघाली, त्यानंतर इथल्या कितीतरी घरांचं घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. पण रविवारी ते घरी असायचे. ही सुट्टी आकाशातनं पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी कितीतरी वर्षं मागणी लावून धरली, तेव्हा १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी. हे नाव मी माझ्या मुलांना मुद्दाम पाठ करायला लावलंय. सासूबाईंना यातलं काही माहीत नव्हतं, पण त्यांनी एक गोष्ट बरोबर सांगितली : "त्यांच्या गिरणीला रविवार होता, माझ्या चुलीला नव्हता." सासरे रविवारी पेपर वाचायचे, मित्र यायचे, मटण शिजायचं. सासूबाई पाटा-वरवंटा, भाकरी, भांडी करून, उरलेल्या वेळात हजार बिड्यांचा हिशोब पुरा करायच्या. तेंदूचं पान भिजवायचं, पत्र्याच्या मापानं कापायचं, चिमूटभर तंबाखू, गुंडाळून दोरा, नखानं तोंड मुडपायचं. त्यांचं अंगठ्याचं नख त्यानं कायमचं वाकलं होतं. चाळीस वर्षं त्या रविवारी देवळात गेल्या आणि चाळीस वर्षं त्यांना विसावा काय असतो ते कळलं नाही. हे त्यांचेच शब्द.

त्या रात्री मी बायबलातलं निर्गमाचं पुस्तक काढलं. दहा आज्ञांचा २० वा अध्याय लहानपणापासून पाठ, पण त्या दिवशी मी तो वेगळ्या डोळ्यांनी वाचला. चौथ्या आज्ञेत यादी आहे. सातव्या दिवशी कुणी काम करायचं नाही? तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरं, तुझ्या वेशीच्या आतला परका. मी बोट ठेवून शोधलं, "तुझी बायको" कुठंच नाही. एक क्षण वाटलं, देवसुद्धा आपल्याला विसरला. मग लक्षात आलं की यादी "तू"पासून सुरू होते. तो "तू" आजवर मी माझ्या नवऱ्याचा समजत होते. तो माझाही आहे. दासीला विसावा द्यायला सांगणारा देव घरच्या आईला ओट्यापाशी उभी ठेवून कसा विसरेल?

त्याच पुस्तकात चार पानं मागं मान्न्याची, म्हणजे देवानं रानात पुरवलेल्या अन्नाची गोष्ट आहे. रानात रोज सकाळी दर माणशी एक ओमर (हे तेव्हाचं माप) गोळा करायचा, आणि दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडायचे, घाण सुटायची. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचं, भाजायचं ते भाजून, शिजवायचं ते शिजवून ठेवायचं, आणि ते सातव्या दिवशी खराब होत नसे. या गोष्टीवर मी कितीतरी उपदेश ऐकले, सगळे विश्वासावर. पण आदल्या दिवशीच भाजून-शिजवून ठेवा, हे सांगणं स्वयंपाक करणाऱ्यांना आहे. म्हणजे देवानं विसाव्याची आज्ञा नुसती दिली नाही, त्या दिवशी ताटात काय पडेल याचीही सोय लावून दिली. मी हे वाचत होते आणि समोर फळीवर सासूबाईंचा कडक भाकरीचा डबा होता.

ही भाकरी बाहेरगावच्या बायकांना माहीत नसेल म्हणून सांगते. ज्वारी मंगळवेढ्याची असली तर उत्तम. पिठात मीठ आणि थोडे तीळ, गरम पाण्यानं चांगलं मळायचं. रोजच्यापेक्षा पातळ थापायची, हात इतका हलका की खालचं परातीचं पितळ दिसेल असं वाटावं. तव्यावर दोन्हीकडनं भाजली की आच अगदी मंद करायची आणि स्वच्छ फडक्याच्या बोळ्यानं कडेकडेनं दाबत राहायचं. घाई केली की मध्ये ओल राहते, आणि ओल राहिली की बुरशी येते. ओल पूर्ण गेली की भाकरी हातात वाजते. सासूबाई ती कानाशी नेऊन बोटानं टिचकी मारायच्या आणि मगच डब्यात ठेवायच्या. अशी भाकरी कितीतरी दिवस टिकते. सोबत शेंगाचटणी, तीही उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली, मग दही, कांदा. झालं रविवारचं जेवण.

आता घरच्यांचं. नवऱ्यानं पहिले दोन रविवार तोंड पाडलं. रविवार आणि मटण हे सोलापुरात वेगळं काढता येत नाही, हे मलाही मान्य आहे. मग मटण शनिवारी संध्याकाळी करायला लागले आणि रस्सा थोडा जास्त. दुसऱ्या दिवशी तो नुसता गरम करायचा, ताटात कडक भाकरी कुस्करायची आणि वरनं ओतायचा. महिन्याभरानं हेच म्हणायला लागले की रविवारचा रस्सा शनिवारच्यापेक्षा चांगला लागतो. पण खरा बदल वेगळ्यानंच झाला. घरच्या प्रार्थनेत योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय आला. शिष्यांना रात्रभर जाळं टाकून काहीच मिळत नाही, आणि सकाळी किनाऱ्यावर पुनरुत्थित प्रभू येशूनं निखाऱ्यांवर मासळी ठेवलेली असते, भाकर असते. तो त्यांना न्याहारीला बोलावतो. वाचणारे हेच होते. वाचून झाल्यावर जरा वेळ गप्प बसले. पुढच्या रविवारी सकाळचा चहा त्यांनी केला. तेव्हापासून रविवारी ताटं घेणं आणि भांडी घासणं त्यांच्याकडं आणि मुलांकडं आहे. आई झोपलीय म्हणून घरात आवाज हळू करायचा, हे माझा मुलगा अडीच-तीन वर्षांचा असल्यापासून शिकला. उद्या त्याची बायको येईल तेव्हा तिला हे वेगळं मागावं लागू नये.

नेम केला म्हणून मी त्याची बेडी करून घेतलेली नाही. अचानक पाहुणे आले, कुणी आजारी पडलं, तर तवा सरळ होतो आणि मी आनंदानं भाकरी थापते. "शब्बाथ (विसाव्याचा दिवस) मनुष्यासाठी झाला" असं प्रभूच म्हणाला. पाहुण्याला दारातनं परत पाठवून पाळलेला विसावा त्याला आवडेल असं मला वाटत नाही.

आणि ज्यांना हे जमणारच नाही त्यांचं मला ठाऊक आहे. कुणाची रविवारी दवाखान्यात ड्युटी असते. कुणाच्या घरात तीच एकटी ख्रिस्ती विश्वासात आहे, प्रार्थनेला बाहेर पडायलाच तिला किती बोलणी खावी लागतात, तिनं तवा पालथा घातला तर काय होईल हे मी काय सांगू? तुम्हाला मी बायबलातल्या एलीया संदेष्ट्याकडं बघायला सांगते. ईजबेल राणीच्या भीतीनं तो रानात पळाला, झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. देवाच्या दूतानं त्याला उपदेश केला नाही, विश्वास कमी पडला असं म्हटलं नाही. झोपू दिलं, उठवून खायला घातलं, परत झोपू दिलं, परत खायला घातलं. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी. वाट तुला फार आहे, इतकंच म्हणाला. देवाचं बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. तुमच्या वाट्याला दिवस येत नसेल तर वीस मिनिटं घ्या. लेकरू झोपलं की भांडी तशीच ठेवून त्याच्या शेजारी पडा. ती वीस मिनिटं तुम्ही चोरलेली नाहीत.

"झोपताना प्रार्थनेला बसते आणि तिथंच झोप लागते, पाप लागतं का?" हेही पुष्कळ जणी विचारतात, आणि विचारताना डोळे भरून येतात. याचं उत्तर मला माझ्या धाकट्यानंच दिलं. त्याचं दूध तोडलं तेव्हा मी कडुलिंबाचा पाला वाटून लावला होता. आठ दिवस त्यानं रडून घर डोक्यावर घेतलं. मांडीवर घेतलं की तोंड आपटायचा, पदर ओढायचा. नवव्या दिवशी दुपारी मी काजं करत बसले होते. तो आला, सुई असलेला माझा हात बाजूला केला, मांडीवर डोकं ठेवलं आणि नुसता पडून राहिला. काही मागितलं नाही. माझ्या हातातलं काम तसंच राहिलं. एकशे एकतिसावं स्तोत्र मी त्याआधी शंभरदा वाचलं असेल. दूध तुटलेलं बालक आईजवळ असतं तसा माझा जीव माझ्याठायी शांत आहे, असं त्यात आहे. तान्हं लेकरू नाही, दूध तुटलेलं. आईकडं काही घ्यायला न आलेलं. तेव्हापासून रात्री शब्द सुचले नाहीत तर मी "बापा, मी आलेय" एवढंच म्हणते आणि पडते. झोप लागली तर लागली.

थोरलीचं ते वाक्य मी विसरले नाही, विसरायचंही नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मला दही सांडलेलं आठवतंय, बाकी नाही." मला वाटतं तिला आठवतं. आता ती पुण्यात नोकरीला आहे, आणि गाडी पकडायच्या आधी डबा भरलाय का ते बघते.

सासूबाई गेल्या त्याला चार वर्षं झाली. त्यांचं भाकरी दाबायचं फडकं मी अजून वापरते, मध्ये जळून तपकिरी झालंय, पण टाकवत नाही. या शनिवारी मी वीसेक भाकरी जास्तीच्या करणार आहे. ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांनी रविवारी निघताना थांबा, पिशवी घेऊन जा. चटणी मात्र घरची लागेल. आणि उन्हाचं चालत जाऊ नका, रिक्षा करा.