पायाला लागलेली सवय

गेल्या जानेवारीत दाजींची डिझेल गाडी घेऊन मी केजहून अंबाजोगाईला येत होतो. दाजी शेजारी, ताई आणि भाचा मागे. दिवस मावळायला आला होता. होळच्या जवळ पुढे उसाचा ट्रॅक्टर लागला. दोन ट्रॉल्या, मोळ्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या, मागच्या ट्रॉलीला दिव्याच्या जागी लाल फडकं बांधलेलं. टेपवर गाणं इतकं मोठ्यानं चालू होतं की त्याला हॉर्न ऐकू जाणं शक्यच नव्हतं. समोरून एक टेम्पो येत होता, पण बराच लांब. मी आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, गाडी बाहेर काढली आणि पाय दाबला.

गाडी गेली नाही.

इंजिनाचा आवाज चढला, पण ओढ काही येईना. गाडी चौथ्या गिअरमध्ये होती, वेग तिशीच्या आसपास. मी मागच्या ट्रॉलीच्या चाकाशी समांतर होतो, उसाचं पाचट काचेला घासत होतं आणि टेम्पोवाला लाइटवर लाइट मारत होता. दाजी ओरडले, "गिअर पाड, गिअर!" मी ब्रेक मारून गाडी परत ट्रॉलीच्या मागे घेतली. टेम्पो शेजारून गेला तेव्हा त्याच्या वाऱ्यानं गाडी हलली. पुढची दोन-तीन मिनिटं गाडीत कुणी बोललं नाही. मग दाजी हळूच म्हणाले, "एवढी कशाची घाई करायलास?"

मला घाई नव्हती. ही गोष्ट मी त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या पुन्हा पुन्हा तपासली. मी जे अंतर मोजलं ते बरोबर होतं, टेम्पोचा वेगही बरोबर धरला होता. फक्त तो हिशेब माझ्या गाडीचा होता आणि बसलो होतो दाजींच्या गाडीत.

माझी गाडी म्हणजे महिंद्राची एक्सयूव्ही ४००, विजेवर चालणारी. २०२३ च्या दिवाळीत घेतली. दीडशे हॉर्सपॉवर, ३१० न्यूटन मीटरचा टॉर्क (म्हणजे फिरवण्याचा जोर), शून्यापासून शंभरपर्यंत ८.३ सेकंद असं कंपनी सांगते. आज बाजारात तिच्याहून चपळ विजेच्या गाड्या आल्या आहेत. महिंद्राचीच बीई ६ हे काम ६.७ सेकंदांत करते. पण आमच्याकडे, जिथं निम्म्या आयुष्यात माणूस ट्रॅक्टर, जीप आणि एसटी एवढ्यातच फिरतो, तिथं ८.३ सुद्धा फार होतात.

लातूरला टेस्ट ड्राइव्ह घेतली तो दिवस अजून आठवतो. शोरूममधल्या पोरानं गाडीचा मोड 'फिअरलेस'वर, म्हणजे सगळ्यात जोरदार ओढीवर टाकला आणि म्हणाला, "काका, आता रस्ता मोकळा बघून दाबा." मी दाबला. पुढची चाकं रस्त्यावरच्या मातीत चरचरली, डोकं मागे उशीला टेकलं, आणि आवाज म्हणावा तर फक्त टायरचा. बायको मागे बसली होती, तिनं सीटची कड धरली. मला मात्र हसू आवरत नव्हतं, कारण समोर जे चाललं होतं ते मला दुकानातून ओळखीचं होतं.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाणबुडी मोटारी, मोनोब्लॉक, पिठाच्या गिरणीच्या मोटारी. तेवीस वर्षं तांब्याची तार गुंडाळतो आहे. रब्बी सुरू झाली की दुकानापुढे जळक्या मोटारींची रांग लागते. मोटार उघडली की आधी वार्निशचा जळका वास येतो, मग काळ्या पडलेल्या कॉइल दिसतात, स्लॉटमधला कागद बोट लावलं की भुगा होतो. शेतकरी एकच वाक्य सांगतो, "मोटार नुसती घुमायली, फिरंना." कारण ठरलेलं असतं. गावभरच्या मोटारी एकाच वेळी सुरू होतात, व्होल्टेज पडतं, आणि व्होल्टेज निम्मं झालं की या मोटारीचा जोर निम्मा होत नाही, तो पाव होतो. पाण्याचा भार तेवढाच असतो. मोटार उचलू शकत नाही, जागेवर थांबून करंट ओढत राहते आणि स्वतःला जाळून घेते. थेट स्टार्टरवर सुरू होतानाही ती नेहमीच्या पाच-सहापट करंट घेते. सुरुवात हीच विहिरीवरच्या मोटारीची सगळ्यात अवघड घडी.

गाडीतल्या मोटारीची गोष्ट नेमकी उलटी आहे. तिच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, कायमचे चुंबक आहेत आणि तिच्यापुढे इन्व्हर्टर बसलेला आहे. तो बॅटरीतला करंट हवा तेवढा, हव्या त्या फ्रिक्वेन्सीनं मोटारीला देतो. त्यामुळे चाक थांबलेलं असतानाच तिचा सगळा जोर हजर असतो. इंजिनाचं तसं नाही. ते आधी फिरत असावं लागतं, त्यात आधी इंधन जळावं लागतं, टर्बो असेल तर तो फिरायला पंधराशे-सतराशे आरपीएमपर्यंत वाट बघावी लागते, आणि योग्य गिअर आपण आधीच निवडलेला असावा लागतो. एवढ्या सगळ्यांची गाठ पडली की मग ओढ येते. ज्या घडीला माझ्या गिऱ्हाइकांच्या मोटारी जळतात, त्याच घडीला ही मोटार सगळ्यात ताकदवान असते, हे बघून मला जो आनंद झाला तो मी कुणाला नीट सांगू शकलेलो नाही.

लोकांना वाटतं अशी गाडी घेतली की माणसाला वेगाचं वेड लागतं. माझा अनुभव तसा नाही. संभाजीनगर ते जालना समृद्धीवरून गेलो तेव्हा कळलं की ऐंशीच्या पुढे ती ओढ ओसरत जाते. मोटार जितकी जोरात फिरते तितकं तिचं स्वतःचं उलटं व्होल्टेज वाढतं आणि आत करंट ढकलायला जागा कमी उरते. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, त्या वेगाला चांगली डिझेल गाडी माझ्या बरोबरीनं चालते. खरा फरक पडतो तो वीस ते सत्तरच्या मध्ये. आणि आमचं आयुष्य त्याच वेगात जातं: गावातून बाहेर पडणं, स्पीडब्रेकरनंतर पुन्हा वेग धरणं, फाट्यावरून हायवेला लागणं, उसाच्या ट्रॉलीला ओलांडणं. तिथं पाय आणि चाक यांच्या मध्ये कुणीच उरत नाही. ही सवय महिन्याभरात लागते, आणि लागली हे आपल्याला कळत नाही. ते कळतं दुसऱ्या गाडीत बसल्यावर.

एसटीत बसलो तर गिअर बदलताना बस जो एक श्वास घेते तो मला आता जाणवतो. आधी चाळीस वर्षं तो कधी जाणवला नव्हता. दुकानातल्या मोटारसायकलचा क्लच सोडताना हात अवघडतो. आणि दुसऱ्याच्या गाडीत पाय उचलला की गाडी पुढे पळतच राहते, त्याचं तर मला पहिले काही दिवस भय वाटायचं. माझ्या गाडीत पाय उचलला की मोटारच जनित्र होते, गाडी आवरली जाते आणि वीज बॅटरीत परत जाते. परळीचा घाट उतरताना हे सगळ्यात छान कळतं. वळणाआधी पाय सैल केला की ती आपोआप धरून राहते, वळण संपताच पुन्हा हलकासा दाब. एके काळी याच घाटाच्या पायथ्याशी ब्रेकचा वास यायचा आणि वडील जीप बाजूला घेऊन चाकांना हात न लावता नुसते जवळून बघायचे. आता खाली उतरेपर्यंत ब्रेकला दोन-तीनदाच पाय लागतो.

घाट उतरला की थर्मलच्या चिमण्या दिसतात, आणि गाडीत नवा माणूस असला की तिथं हटकून म्हणतो, "शेवटी कोळशावरच चालायली की तुमची गाडी." बरोबर आहे, बरीचशी वीज कोळशाचीच आहे. २०१५ मध्ये पाण्याअभावी परळीचे संच बंद पडलेले आम्ही बघितले आहेत, त्यामुळे वीज कशातून येते हे आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. पण डिझेलचं इंजिन आपल्या इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता म्हणून टाकून देतं, आणि चांगली मोटार मिळालेल्या विजेतला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग चाकाला देते. मी मोटारवाला माणूस आहे, मला हा फरक मोठा वाटतो.

चार्जिंगबद्दल सगळे विचारतात. घरी रात्री लावतो, माझ्या पायाच्या सवयीनं एका चार्जमध्ये अडीचशे किलोमीटरच्या आसपास जाते, संभाजीनगरला जाताना वाटेत थांबावं लागतं. त्यावर सविस्तर पुन्हा कधीतरी.

आणखी एक अपेक्षा बदलली, ती पैशांची. २०१० मध्ये औरंगाबादच्या मंडळींनी एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. पेपरातला तो फोटो आमच्या दुकानात कित्येक दिवस टेबलावर होता. तेव्हा पक्कं डोक्यात बसलं होतं की दाबल्याबरोबर पळणारी गाडी ही त्या लोकांची, आपली नव्हे. एक्सयूव्ही ४०० जानेवारी २०२३ मध्ये आली तेव्हा १५.९९ लाखांपासून होती. ही रक्कमही लहान नाही, माझे हप्ते अजून चालू आहेत. पण तार गुंडाळणाऱ्या माणसाच्या दारात ती येऊ शकली, एवढं मात्र खरं.

तर होळच्या त्या संध्याकाळनंतर मी वडिलांना विचारलं. त्यांनी आयुष्यभर ट्रॅक्टर आणि जीप चालवली, आता डोळ्यांमुळे बंद केली आहे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आरं, आधी गिअर पाडून गाडी पेटवून घ्यायची, कानानं ऐकायचं, मग भाईर काढायची. तू आधी भाईर काढलीस."

ते ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो. माझा क्रमच उलटा झाला होता. विजेच्या गाडीत आधी जागा बघायची, बाहेर यायचं आणि मग दाबायचं, कारण दाबल्यावर काय होणार याची शंका नसते. इंजिनाच्या गाडीत जोर आधी गोळा करायचा असतो. मलाही हे वीस-बावीस वर्षं येत होतं, मीही कानानंच गाडी चालवत होतो. ते विसरायला जेमतेम सव्वा वर्ष पुरलं.

म्हणून आता एक नेम केला आहे. दुसऱ्या कुणाचीही गाडी हातात घेतली की गावाबाहेर मोकळा रस्ता बघतो, तिसऱ्या गिअरमध्ये तीस-पस्तीसच्या वेगाला एकदा पाय पूर्ण दाबतो आणि मनात मोजतो. ओढ यायला किती अंक लागले तो त्या गाडीचा अंक. दाजींची गाडी दोनची आहे. दुकानाचा माल आणणारा छोटा टेम्पो भरलेला असला तर चारचा. तो अंक मी तोंडानं म्हणतो आणि मगच पुढे निघतो. दाजींना आधी हे विचित्र वाटलं, आता तेच विचारतात, "मोजलं का?"

या उन्हाळ्यात थोरलीला गाडी शिकवायची होती. बायकोचं म्हणणं होतं की आपल्याच गाडीवर शिकव, क्लच नाही, गिअर नाही, सोपं जाईल. मी दाजींची गाडी मागून आणली. तिनं गावात, कॉलेजात, मैत्रिणींकडे हाताला येईल ती गाडी चालवावी लागणार आहे, आणि आमच्या रस्त्यावर अजून बहुतेक गाड्या दोनच्या नि तीनच्याच आहेत.

सकाळी सहाला मैदानावर गेलो. तिनं सीट पुढे घेतली, पहिला टाकला, पाय दाबला आणि क्लच सोडला. गाडीनं हिसका दिला आणि बंद पडली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती माझ्याकडे वळली.

"पप्पा, मी दाबतेय ना, मग ही जात का नाही?"

"तिला वेळ दे," मी म्हणालो. "क्लच अर्ध्यावर आण. पायाखाली थरथर लागते का बघ."

तिनं खाली मान घालून पायाकडे बघितलं. मी म्हणालो, बघू नको, ऐक. तिनं समोर बघितलं. इंजिनाचा आवाज थोडा दबला, स्टिअरिंग बारीकसं हललं.

"लागली," ती म्हणाली.

"आता तिथंच धर. मोज."

तिनं मोजलं, आणि गाडी हलली.