रंग गेला म्हणजे सिलियम गेलं असं नाही

प्राथमिक सिलियमवर (पेशीवर उगवणाऱ्या एकुलत्या अँटेनासारख्या केसावर) काम सुरू करताना सगळ्यांसारखी मीही आधी ॲसिटिलेटेड ट्युब्युलिनची (सूक्ष्मनलिका ज्या प्रथिनाच्या बनतात त्याची) अँटिबॉडी मागवली, क्लोन ६-११बी-१. ती झकास रंगते. पण ती सिलियम दाखवत नाही, अल्फा-ट्युब्युलिनच्या ४०व्या लायसिनवर बसलेला ॲसिटिल गट दाखवते. हा गट बसवतं एटीएटी१ हे विकर, काढतं एचडीएसी६. प्रयोग याच दोघांवर असेल तर मोजपट्टीच बदलते. एटीएटी१ कमी केलं की रंग जवळपास जातो. त्याच पेशींना एआरएल१३बीची (सिलियमच्या पटलातल्या प्रथिनाची) अँटिबॉडी लावली की सिलियम जागच्या जागी असतं, फार तर उगवायला उशीर झालेला.

म्हणून प्रत्येक स्लाइडवर मी तीन खुणा ठेवते: अक्षासाठी ६-११बी-१, पटलासाठी सशाची एआरएल१३बी, बुडाशी, म्हणजे सेंट्रिओलपाशी, गॅमा-ट्युब्युलिन (क्लोन जीटीयू-८८). यातल्या दोन उंदराच्या. ६-११बी-१ आहे आयजीजी२बी आणि जीटीयू-८८ आयजीजी१ (हे अँटिबॉडीचे उपप्रकार), त्यामुळे सेकंडरी, म्हणजे पहिलीला चिकटणारी रंगीत अँटिबॉडी, उपप्रकारानुसारच घ्यावी लागते. साधी अँटी-माउस लावली तर दोन्ही एकाच रंगात येतात. ग्लुटामिलेशन (ट्युब्युलिनवरचा आणखी एक रासायनिक बदल) दाखवणारी जीटी३३५सुद्धा आयजीजी१च, तेव्हा ती आणि जीटीयू-८८ एका स्लाइडवर नकोत.

पेशी आरपीई-१ (माणसाच्या डोळ्यातल्या रेटिनाच्या थरातून आलेल्या). २४ खणांच्या प्लेटमध्ये १२ मिमीच्या कव्हरस्लिपवर खणाला ८० हजार पेरते. दुसऱ्या दिवशी तळ ८० ते ९० टक्के भरलेला दिसला तरच सीरम काढते, म्हणजे पेशी विभागणं थांबवून सिलियम उगवतात. विरळ पेशी सीरमशिवायही विभागणं पुरतं थांबवत नाहीत, मग सिलिया कमी दिसतात आणि दोष औषधाला लागतो. सीरमविना २४ ते ४८ तास. एचडीएसी६ रोखायला ट्युबास्टॅटिन-ए २ मायक्रोमोलर. १० मिलिमोलरच्या साठ्यातून घेतलं तर डीएमएसओ (औषध विरघळवलेला द्रावक) ०.०२ टक्के होतं, तेवढंच कंट्रोललाही.

स्थिरीकरणाआधी प्लेट २० मिनिटं बर्फावर. पेशीद्रवातल्या बऱ्याच सूक्ष्मनलिका थंडीने विरघळतात, सिलियमच्या टिकतात, पार्श्वभूमी साफ होते. सगळ्या कव्हरस्लिपना वेळ सारखाच हवा. मग ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड १० मिनिटं, उणे २० अंशांचं मिथेनॉल ५ मिनिटं. मिथेनॉल वगळलं तर गॅमा-ट्युब्युलिनचे ठिपके धूसर येतात. पुढे अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून ३ टक्के बीएसए अर्धा तास, प्रायमरी रात्रभर ४ अंशांवर, सेकंडरी पाऊण तास अंधारात.

सुकून घट्ट होणारं माउंटिंग मीडियम मुंबईच्या जुलैत एका रात्रीत बसत नाही. हवाच इतकी दमट की दोन दिवस लागतात. आमचं बेंच परळला आणि कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक पवईला. ओल्या स्लाइड घेऊन कांजूरमार्गपर्यंत लोकलने गेलं की कव्हरस्लिप सरकते आणि उभी सिलिया चेपतात. स्लाइड आडव्या ठेवून, आधी सिलिका जेलच्या डब्यात सुकवून, मग कडेने नेलपॉलिश. सुकण्याआधी नेलपॉलिश लावलं तर ओल आत अडकते.

मोजताना पहिला सापळा मिडबॉडीचा. विभागून नुकत्याच सुटणाऱ्या दोन पेशींमधला पूलही ॲसिटिलेटेड असतो आणि घाईत सिलियमसारखाच दिसतो. त्याच्या मधोमध काळी फट असते आणि टोकाशी गॅमा-ट्युब्युलिनचा ठिपका नसतो. दुसरा सापळा सपाट प्रतिमेचा. ०.३ मायक्रॉनच्या थरांत चित्र घेते. सपाट चित्रात ३ मायक्रॉन दिसणारं सिलियम उंचीत २ मायक्रॉन चढलेलं असेल, तर खरी लांबी ३.६ भरते. जागा नेहमी डॅपीच्या (पेशीकेंद्रकाच्या रंगाच्या) चॅनेलवर निवडायची. सिलियमच्या हिरव्या चॅनेलवर निवडली की डोळा आपसूक छान सिलियाकडे जातो.

सिलियम असलेल्या पेशींचं प्रमाण आणि सिलियमची लांबी हे दोन आकडे मी कधीच मिसळत नाही. प्रमाण घसरलं तर आधी बुडाकडे बघते. सिलियम जिच्यावर उगवतं त्या मातृ-सेंट्रिओलवर सीपी११० हे प्रथिन झाकणासारखं बसलेलं असतं. टीटीबीके२ हे विकर आलं की ते उतरतं आणि नऊ जोड्यांचा अक्ष वाढायला लागतो. सीपी११० रंगवून ठिपके मोजायचे: दोन असतील (मातृ आणि कन्या, दोन्ही सेंट्रिओलवर) तर झाकण उतरलेलंच नाही, एक असेल तर गडबड पुढच्या पायरीत. केआयएफ२४ हे प्रथिन याच ठिकाणच्या सूक्ष्मनलिका मोडतं. ते काढलं तर सीरम असतानाही, विभागणाऱ्या पेशींत, सिलिया उगवतात. प्रमाण ठीक आणि फक्त लांबी बदललेली असेल तर टोकाकडे वळते. तिथे केआयएफ७ सूक्ष्मनलिकांची वाढ आवरून धरतं, ते नसलं की सिलिया लांबतात.

सिलिया मोडण्याचा वेग हवा असेल तर सीरम परत घालून ०, २, ६ आणि २४ तासांना स्लाइड थांबवते. पहिली घसरण साधारण २ तासांनी, दुसरी १८ ते २४ तासांच्या दरम्यान. ऑरोरा-ए हे विकर एचडीएसी६ला चेतवतं, म्हणून ट्युबास्टॅटिन दिलेल्या खणांत ही घसरण मंदावते. पण या खणांत ६-११बी-१ चा रंग पेशीभर चढलेला असतो, बर्फानंतरही. तिथे लांबी एआरएल१३बीवरच मोजायची.