तुम्ही विचारलंत म्हणून: इकॉनॉमिक्समध्ये पीएचडी करू का?

"ताई, नेट (कॉलेजात शिकवायला लागणारी पात्रता परीक्षा) निघाली, आता इकॉनॉमिक्समध्ये पीएचडी करू का, करून नोकरी लागते का?" नागपुरात बर्डीवर कोणी भेटलं तरी हेच, लग्नात जेवतानाही हेच, म्हणून एकदा नीट लिहिते.

करा. पण विषयाआधी गाइड बघा, त्यांच्याकडचे किती जण पूर्ण झाले आणि आज कुठे आहेत ते त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. पीएचडी अर्धवट सुटणं काही आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत २००२ साली इकॉनॉमिक्सच्या पीएचडीला लागलेल्या ५८६ जणांचं पुढे काय झालं ते बघितलं होतं, आठ वर्षांनी ५९ टक्क्यांना तिथूनच डिग्री मिळाली होती आणि ३७ टक्के सोडून गेले होते.

माझं गाडं कोर्सवर्कनंतर अडलं. यवतमाळकडच्या कापूसवाल्या शेतकऱ्यांच्या कर्जावर काम होतं, गावोगाव फिरून २४० फॉर्म भरून आणले आणि ते दीड वर्ष पलंगाखाली खोक्यात पडून राहिले, कारण दिवसभर कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे, शिकवायचं, बिल सहा-सहा महिने निघायचं नाही, उन्हाळ्यात तास नाही म्हणून पैसेही नाही. एका पावसाळ्यात खोक्याला ओल लागली. वरच्याच फॉर्मवर एका काकांनी सांगितलेलं सावकाराचं व्याज होतं, शेकडा पाच, महिन्याला, शाई पसरलेली पण वाचता येत होतं. खूप रडले त्या रात्री. दुसऱ्या दिवसापासून रोज दहा फॉर्म एक्सेलमध्ये टाकले, चोवीस दिवसांत संपले! एकूण साडेसहा वर्षं लागली.

आता नोकरीचं. जुलै २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरसाठी पीएचडीची सक्ती नाही, नेट किंवा सेट (राज्याची तशीच परीक्षा) चालते, तेव्हा नुसत्या त्या पोस्टसाठी एवढी वर्षं घालू नका. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसला एमए पुरतं, रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बीमधल्या इकॉनॉमिक्सच्या जागांनाही पुरतं, तिथे पीएचडीवाल्यांना वयात सवलत मिळते एवढंच. एखादा प्रश्न खरंच झोपू देत नसेल तर मात्र या. जेआरएफ, म्हणजे नेटमध्ये वरचे मार्क आले की मिळणारी फेलोशिप, असेल तर महिन्याला ३७,००० आणि पुढे ४२,००० मिळतात, नसेल तर घरच्यांशी पैशाचं आधीच बोलून घ्या, हे मी केलं नव्हतं आणि त्याचा त्रास आईने काढला.

आमच्यातली एक अजून अडकली आहे, तिची मुदत मार्चमध्ये संपते. दर शनिवारी ती माझ्याकडे येते, आम्ही दोघी तिचा चौथा चॅप्टर घेऊन बसतो.