लेसोथोचं पाणी उत्तरेला कसं वळलं

दक्षिण आफ्रिकेच्या नकाशात मधोमध एक तुकडा वेगळ्या रंगाचा दिसतो, तो लेसोथो. उच्चार ‘लिसूटू’च्या जवळचा. एक माणूस असेल तर मोसोथो, अनेक असतील तर बसोथो आणि भाषा सेसोथो. आकाराने महाराष्ट्राच्या साधारण दहावा हिस्सा, लोकसंख्या २३ लाखांच्या आसपास. देशातली सर्वांत सखल जागासुद्धा १,४०० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा उंच.

डोंगर आपल्या ओळखीच्या दगडाचे आहेत. सह्याद्रीसारखाच लाव्हाच्या थरांचा काळा बेसॉल्ट, फक्त वय सुमारे १८ कोटी वर्षं. त्याच्याखाली पिवळसर वालुकाश्म. बसोथोंचा राजा मोश्वेश्वे पहिला याने १८२४ मध्ये ठाणं दिलं ती थाबा बोसिऊ ही या वालुकाश्माचीच सपाट माथ्याची टेकडी. वर झरे, कडेने तुटलेले कडे. टेकडी बोअरांना, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या वसाहतकऱ्यांना, जिंकता आली नाही, पण कॅलेडन नदीपलीकडची सुपीक जमीन त्यांनी घेतली. १८६८ मध्ये मोश्वेश्वेने ब्रिटिश संरक्षण पत्करलं म्हणून राज्य टिकलं. नांगराखालची चांगली जमीन मात्र गेली ती गेलीच. ४ ऑक्टोबर १९६६ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा हाताशी उरलं होतं ते डोंगर, मेंढ्या, दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत जाणारे पुरुष आणि पाणी.

जानेवारी १९८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने सीमा आवळल्या, लेसोथोची राजधानी मासेरूत तिथल्या लष्कराने सत्ता घेतली आणि त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला दक्षिण आफ्रिकेला पाणी देण्याचा करार झाला. या क्रमाकडे डोळेझाक करून कराराबद्दल बोलणं मला प्रामाणिक वाटत नाही.

योजना अशी. मालिबामात्सो नदीवर कात्से हे १८५ मीटर उंचीचं काँक्रीटचं कमानी धरण (आपलं कोयना १०३ मीटर). तिथून ४५ किलोमीटरचा बोगदा मुएलाच्या ७२ मेगावॉट वीजघरापर्यंत, पुढे दुसऱ्या बोगद्याने पाणी सीमेपलीकडे अ‍ॅश नदीत आणि तिथून वाल धरणात. नदीचं पाणी एरवी सेंकूतून, म्हणजे ऑरेंज नदीतून, अटलांटिकला गेलं असतं. आता ते जोहान्सबर्गच्या नळांना येतं, आणि वाल धरणापर्यंत तरी कुठे पंप न लावता, निव्वळ उताराने. नंतर मोहाले धरण ३२ किलोमीटरच्या बोगद्याने कात्सेला जोडलं. सध्या पोलिहाली धरणाचं काम चालू आहे.

लेसोथोचा मोबदला कसा काढतात ते समजून घ्यायला हवं. हेच पाणी दक्षिण आफ्रिकेला स्वतःच्या हद्दीत ऑरेंज नदीतून पंपाने चढवून न्यावं लागलं असतं. त्या पर्यायाच्या खर्चातून या योजनेचा खर्च वजा करायचा. जी बचत उरते तिचा ५६ टक्के वाटा लेसोथोचा. पैसा पाण्याच्या टंचाईचा नाही, उंचीचा मिळतो.

कात्सेत १९९५ मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली आणि काही महिन्यांतच मापेलेंग गावाला धक्के बसू लागले, जमिनीला लांब भेग गेली, काही घरं हलवावी लागली. १९६७ चा कोयनेचा भूकंप माहीत असलेल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. लाचखोरीही झाली. प्रकल्प प्राधिकरणाचे प्रमुख मसुफा सोले २००२ मध्ये दोषी ठरले, आणि लाच देणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही एवढ्याशा देशाच्या न्यायालयाने शिक्षा केली. हे मोठमोठ्या देशांनाही क्वचितच जमतं, म्हणून त्याचं मोल जास्त.

आता खरी काळजी धरणांच्या वरच्या अंगाला आहे. नद्यांच्या उगमाशी माथ्यावर दलदलीची कुरणं आहेत. ती पावसाचं आणि बर्फाचं पाणी स्पंजासारखी धरतात आणि कोरड्या महिन्यांत हळूहळू सोडतात. उन्हाळ्यात लोकर आणि मोहेरसाठी (अंगोरा शेळीच्या लांब, मऊ केसांसाठी) पाळलेल्या मेंढ्या-शेळ्या तिथेच चरायला चढतात. गवताची मुळं तुटली की खुरांच्या वाटेने पाणी चर पाडतं, चर खोल गेला की आजूबाजूची दलदल त्यातून निचरून सुकते. मग पावसाळ्यात गाळ एकदम खाली येतो आणि हिवाळ्यात झरा आटतो. चरात दगडांचे छोटे बांध घालून आणि कुरण आळीपाळीने काही वर्षं बंद ठेवून दलदल परत धरते. पण चराईचा निर्णय पारंपरिक प्रमुखांकडे असतो, आणि त्यांच्या भागातल्या अनेक घरांचं उत्पन्न त्या कळपांवर चालतं.