फॅट्सोचा गाल: शाईकामाची नोंद, महिना तिसरा

जुन्या अमेरिकन कॉमिकमधली भुतं ब्रश आणि शाईने पुन्हा काढून बघतोय. कॅस्पर बाजूला ठेवून आता फॅट्सोच घ्यायचा, असं मागच्या वेळी लिहिलं होतं. घेतला. पाच आठवडे झाले, रात्री जेवणं आटोपली की तास-दीड तास त्याच्यावरच जातो.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: कॅस्पर म्हणजे माणसांशी मैत्री करू पाहणारं छोटं भूत. तो १९४५ साली कार्टूनपटातून आला आणि १९५२ पासून हार्वे कॉमिक्सने त्याचे अंक काढले. त्याला छळणारी तीन दांडगी भुतं म्हणजे 'घोस्टली ट्रायो', आणि त्यातला जाड्या तो फॅट्सो. खलनायक म्हणून अगदी किरकोळ. माणसांना घाबरवणं हाच भुताचा धर्म एवढंच त्याला ठाऊक. मला मात्र लहानपणापासून कॅस्परपेक्षा तोच जास्त आवडतो.

माझ्याजवळचा अंक रद्दीतून आलेला, मुखपृष्ठ गेलेला. त्यात एक गोष्ट फार जवळून पाहायला मिळाली. भुतांना रंग छापलेलाच नसतो, त्यांचं अंग म्हणजे कोरा कागद. आभाळाचे निळे ठिपके, झाडाचे हिरवे ठिपके भुताच्या कडेशी येऊन थांबतात. त्यामुळे कागद पिवळा पडला तसा फॅट्सोही पिवळा पडलाय, मारी बिस्किटासारखा. त्याच्या पोटातून मागच्या पानावरचं कुंपण पुसटसं दिसतं. भिंगाखाली ते बघताना माझा अर्धा तास कसा गेला, कळलं नाही.

आता काम. त्या काळी अमेरिकेत मूळ पानं छापील आकाराच्या साधारण दुप्पट काढत, म्हणून मीही १२ बाय १८ इंचांवरच काढतोय. आयव्हरी कार्ड (जाड, गुळगुळीत कागद), दोन नंबरचा गोल ब्रश, वॉटरप्रूफ काळी शाई. पहिले दोन आठवडे फॅट्सो फुग्यासारखाच येत होता: गोल, पण हलका. मग अंकातली रेघ भिंगाने तपासली. डोक्यावर ती केसाएवढी बारीक आहे, गालाखाली जाड होते, पोटाच्या तळाशी सगळ्यात जाड आणि शेपटीकडे पुन्हा निमुळती. म्हणजे वजन सगळं रेघेतच आहे. ज्याला वजनच नाही अशा भुताला जड करायचं तर ब्रश कुठे दाबायचा आणि कुठे उचलायचा, हे कळायला हवं. हार्वेच्या गोष्टींवर चित्रकाराची सही नसायची. हा फॅट्सो कोणाच्या हातचा आहे ते छापलेलं नाही, पण तो हात पक्का होता.

हे काढताना तो जुना खटला सारखा आठवत होता. 'घोस्टबस्टर्स' चित्रपटाच्या बोधचिन्हातलं भूत म्हणजे आमचा फॅट्सोच, असं म्हणत हार्वे कोलंबिया पिक्चर्सविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेले आणि १९८६ साली हरले. जुन्या अंकांच्या कॉपीराइटचं नूतनीकरण राहून गेलं होतं, त्यामुळे त्यांच्यावरचा हक्क उरला नव्हता. शिवाय कार्टूनमधलं भूत काढायच्या तऱ्हा मोजक्याच असतात, असंही न्यायालयाने म्हटलं. बाह्यरेषेपुरतं मला ते पटतं; माझ्या वहीतली वीस-बावीस भुतं चेहऱ्याविना एकाच घरातली दिसतात. पण कपाळाची आठी आणि तो गाल आला की तो फॅट्सोच होतो, दुसरं कोणी नाही. न्यायालयाला ते गाल दोन नंबरच्या ब्रशने काढून बघायला मिळाले असते तर, असं मनापासून वाटतं.

पावसाने मध्ये आठवडा खाल्ला. कार्ड सर्दावलं, शाई फुटली, चार चौकटी गेल्या. आता कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवतो आणि बसायच्या आधी दहा मिनिटं टेबल लॅम्पखाली धरतो. फरक पडतो, करून बघा.

सहापैकी पाच चौकटी झाल्या. सहावीत फॅट्सो झाडाआड दबा धरून बसलाय. नुसता एक गाल आणि एक डोळा बाहेर. पेन्सिल कालच झाली, शाई रविवारी सकाळी भरेन, ऊन असेल तर.