ले, लेड, लेड आणि कोकण रेल्वे

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिही असा बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला तोवर गॅदरिंग, सहल, कबड्डीची टीम हे सगळे विषय बाकीच्यांनी घेऊनही टाकले होते आणि मला तसंही लिहायचं होतं ते इंग्रजीच्या क्रियापदांवर. व्ही वन, व्ही टू, व्ही थ्री, म्हणजे क्रियापदाचं पहिलं, दुसरं आणि तिसरं रूप (गो-वेंट-गॉन), आणि पॅसिव्ह व्हॉइस. मी १९९६ च्या दहावीची, गेली बरीच वर्षं औषधाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे आणि रोज जे इंग्रजी लिहिते ना त्याचा पाया आठवी-नववीत इंग्रजीच्या बाईंनी घातलाय, दुसऱ्या कोणी नाही.

आत्ताच्या मुलांना माहीत नसेल, पण आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं, पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. म्हणजे आठवीत आलो तेव्हा ही भाषा भेटून जेमतेम तीन वर्षं झालेली, घरी कोणी बोलणारं नाही, चिपळूणकडच्या आमच्या वाडीत तर प्रश्नच नव्हता. बाईंनी वर्गात क्रियापदांचा तक्ता लावला आणि तास सुरू झाला की पहिली पाच मिनिटं सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं. पण तो ए टू झेड असा नव्हता, आवाजाप्रमाणे लावलेला होता, एका ओळीत सिंग-सँग-संग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, रिंग-रँग-रंग, मग ब्रिंग-ब्रॉट-ब्रॉट, बाय-बॉट-बॉट, थिंक-थॉट-थॉट, टीच-टॉट-टॉट, कॅच-कॉट-कॉट, आणि एका कोपऱ्यात कट-कट-कट, पुट-पुट-पुट, शट-शट-शट. ही मांडणी फार विचारपूर्वक होती असं मला आज वाटतं, कारण एक रूप तोंडात आलं की त्याच्या रांगेतली बाकीची आपोआप येतात. पाठांतराला हल्ली लोक नावं ठेवतात, मला ते अजिबात पटत नाही. अनियमित क्रियापदं समजून घेऊन येत नाहीत, ती तोंडात बसावी लागतात, मग समजून घेण्याचं काम पुढे सोपं होतं.

आणि बाई नुसत्या पाठांतरावर थांबल्या नाहीत. गो-वेंट-गॉन आलं की कोणीतरी हमखास विचारायचं की बाई, गो चं वेंट कसं काय झालं, एक अक्षर तरी सारखं आहे का. तर बाई म्हणाल्या, "अरे, मराठीत तू जाला म्हणतोस का? गेला म्हणतोस ना, मग?" वर्ग एकदम गप्प आणि मग सगळे शोधायला लागले, कर-केला, मर-मेला, ये-आला, खा-खाल्ला, घे-घेतला. फळा भरला आमच्याच भाषेतल्या अनियमित क्रियापदांनी, जी आम्हाला कोणी कधी पाठ करायला लावली नव्हती. खूप वर्षांनी वाचलं की वेंट हे मुळात वेंड नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचं रूप, ते गो ने घेतलं, आणि आपल्याकडेही जा हे संस्कृतातल्या 'या' (जाणे) धातूवरून आलं, तर गेला हे 'गम्' या दुसऱ्या धातूवरून आलेल्या 'गत' चं रूप. म्हणजे दोन्ही भाषांनी नेमकं त्याच क्रियापदाला तेच केलंय. हे वाचलं तेव्हा बाईंना फोन करून सांगावंसं वाटलं.

नववीत पॅसिव्ह व्हॉइस आला. त्याच्या थोडे दिवस आधी मराठीच्या सरांनी प्रयोग शिकवले होते, कर्तरी, कर्मणी, भावे, त्यामुळे आमचा सगळ्यांचा समज असा की कर्मणी म्हणजेच पॅसिव्ह. रामाने आंबा खाल्ला, रामाने पोळी खाल्ली, क्रियापद कर्माप्रमाणे बदललं, म्हणजे कर्मणी, म्हणजे पॅसिव्ह! बाईंनी आधी हीच गाठ सोडवली. त्यांनी लिहिलं, मजुरांनी बोगदा खणला. प्रयोग कर्मणी आहे, मान्य, पण वाक्यात पुढे कोण उभंय? मजूर. त्यामुळे इंग्रजीत ते ॲक्टिव्हच, वर्कर्स डग द टनेल. बोगदा खणला गेला म्हटलं की मजूर मागे गेले, आता ते पॅसिव्ह, द टनेल वॉज डग. मराठी व्याकरणात या गेला-वाल्या रचनेला नवीन कर्मणी म्हणतात आणि ती इंग्रजीच्या वळणाने आली असं सांगतात, तेही बाईंनीच सांगितलं. क्रियापद कोणाप्रमाणे बदलतं हा एक प्रश्न आणि कर्ता पुढे आहे की मागे हा दुसरा प्रश्न, दोन्ही वेगळे ठेवा म्हणाल्या. आजही अनेक क्लासच्या नोट्समध्ये हे दोन एकत्र कालवलेले दिसतात.

बोगद्याचं उदाहरण उगाच आलं नव्हतं. तेव्हा आमच्या भागात कोकण रेल्वेचं काम जोरात चालू होतं, १९९० मध्ये सुरू झालेलं, रोज ट्रक जायचे, सुरुंगाचे आवाज यायचे, अर्ध्या वर्गाच्या घरून कोणाची ना कोणाची जमीन गेलेली किंवा कोणीतरी तिथे कामाला. बाईंनी सगळा पॅसिव्ह त्या रेल्वेवर शिकवला. द लँड वॉज ॲक्वायर्ड. द टनेल हॅज बीन डग. द ट्रॅक इज बीइंग लेड. द लाइन विल बी ओपन्ड. भूत, वर्तमान, भविष्य सगळं खिडकीबाहेर चालूच होतं, इज बीइंग पाठ करायची गरजच पडली नाही कारण ते आम्ही रोज येता-जाता बघत होतो. आणि प्रत्येक वाक्यात शेवटी तिसरंच रूप लागतं, म्हणून आठवीतला तो तक्ता. ले-लेड-लेड म्हणजे अंथरणे, घालणे, आणि लाय-ले-लेन म्हणजे आडवं होणे, पडून असणे, यातला दुसऱ्याचा ले हा पहिल्याच्या पहिल्या रूपासारखा, हा घोळ रुळांमुळे कायमचा मिटला. रूळ कोणीतरी घालतं, म्हणून लेड. माणूस स्वतः झोपतो, त्याला कर्म नाही, म्हणून त्याचा पॅसिव्हही नाही. पॅसिव्हमध्ये कर्त्याआधी बाय येतो, त्याला नोन टू, सरप्राइज्ड ॲट वगैरे अपवाद होते, ते आम्ही वहीत लिहून घेतले.

मला सगळ्यात जास्त आठवतं ते बाय बद्दलचं. परीक्षेत चेंज द व्हॉइस आलं की कर्म पुढे आणा, बी चं रूप, तिसरं रूप, शेवटी बाय, असा हिशोब सगळीकडे शिकवतात आणि मार्कही मिळतात. बाई तोही करून घ्यायच्या, पण मग विचारायच्या की हा बाय इथे ठेवायचा का काढायचा आणि का ते सांग. लाइन विल बी ओपन्ड मध्ये कोण उघडणार याने काही बिघडत नाही, काढा. पण बोगदा? रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, तो खणला गेला एवढंच लिहून थांबायचं? त्या म्हणाल्या, "ज्याने जीव धोक्यात घालून काम केलं त्याला वाक्यातून काढताना दोनदा विचार करा." आणि फळ्यावर लिहिलं, द टनेल वॉज डग बाय वर्कर्स. आमच्या वर्गात एकाचे वडील बोगद्याच्या कामावर होते, तो ताठ बसला होता. पुढे १९९८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला, पण व्याकरणाचा नियम माणसांना धरून असतो हे मला त्या तासाला कळलं.

आता माझ्या कामाचं. लॅबमधलं लिखाण बहुतेक सगळं पॅसिव्ह असतं, सॅम्पल वॉज वेड (म्हणजे वजन केलं), डिझॉल्व्ह्ड, फिल्टर्ड, कारण तिथे मी केलं का तिने केलं याला महत्त्व नाही, पद्धत तीच असली पाहिजे आणि कोणीही केलं तरी उत्तर तेच आलं पाहिजे. पण वाक्यातून कर्ता काढला म्हणजे तो नाहीसा झाला असं चालत नाही, शेजारी डन बाय आणि चेक्ड बाय असे रकाने असतात, सही आणि तारखेसकट. आमच्या क्षेत्रात डेटासाठी अल्कोआ नावाची तत्त्वं आहेत, त्यातलं पहिलंच अट्रिब्युटेबल, म्हणजे नोंद कोणाची ते कळलं पाहिजे. आणि काही चुकलं तर त्याच्या रिपोर्टमध्ये रीडिंग वॉज नॉट रेकॉर्डेड एवढं लिहून भागत नाही, कोणाचं काम होतं ते यावंच लागतं. नवीन बीएस्सी झालेली मुलं येतात, हुशार असतात, इंग्रजी बोलतातही छान, पण वॉज रोट, हॅज बीन ड्रँक असं लिहितात, तेव्हा मी त्यांना सरळ तक्ता काढून देते आणि म्हणायला लावते, मोठ्याने.

म्हणून शाळेला एक विनंती आहे. वर्गातला तो तक्ता आता नाहीये, मागच्या मेळाव्याला आले तेव्हा बघितलं. आमच्या बॅचने ठरवलंय की नवीन छापून द्यायचा, आठवी ते दहावीच्या सगळ्या वर्गांसाठी, बाईंनी लावला होता तसाच आवाजाप्रमाणे, आणि शेजारी जा-गेला, कर-केला, ये-आला यांचा एक रकाना. मजकूर मी तयार करतेय, आत्ताच्या इंग्रजीच्या शिक्षकांनी एकदा नजरेखालून घालावा, दिवाळीच्या सुट्टीआधी छापायला देता येईल.